कलम २५ मधले 'आरोग्य' आणि आपले तीन प्रश्न

संविधानाचे कलम २५ आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, पण अर्धेच. प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, एवढे आपण भाषणात सांगतो. धर्मांतराविरुद्ध कायदे येऊ लागले की हेच कलम पुढे करतो आणि ते योग्यच आहे. पण या कलमाची सुरुवात हक्काने होत नाही, अटीने होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच हा हक्क आहे, हे कलम आधी सांगते. धार्मिक संस्थांना आपला कारभार चालवण्याचा हक्क देणाऱ्या कलम २६ लाही हीच अट आहे.

सत्तर वर्षे यातल्या 'आरोग्य' या शब्दाकडे फारसे कोणी पाहिले नाही. वाद झाले ते सुव्यवस्थेवरून, मिरवणुकीच्या रस्त्यावरून, भोंग्यांवरून. २०२० मध्ये कोरोना आला आणि हा शब्द एकाएकी सगळ्यांच्या दारात येऊन उभा राहिला. देवळे, मशिदी, चर्च, गुरुद्वारे आणि आपली विहारे, सगळ्यांची दारे बंद झाली.

ते दिवस आता मागे पडले. पण तरुण कार्यकर्त्यांशी बोलताना त्या काळाबद्दल दोन मते आम्हाला वारंवार ऐकायला मिळतात. पहिले मत असे : "आपणच मुकाट्याने घरी बसलो. बाकीच्यांनी मेळे भरवले, भूमिपूजने केली. पुढच्या वेळी आपण ऐकायचे नाही." दुसरे मत असे : "देवळे बंद, मशिदी बंद, चांगलेच झाले. आपल्याला काय त्याचे?" पहिल्या मतात राग आहे, दुसऱ्यात बेफिकिरी. दोन्ही मते बाबासाहेबांच्या विचाराला धरून नाहीत, असे आम्हाला वाटते. का, ते सविस्तर सांगायला हवे.

आधी काय घडले ते तारखेवार पाहू. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. तिचा एकविसावा दिवस होता १४ एप्रिल, म्हणजे आपली भीमजयंती. त्याच सकाळी पंतप्रधानांनी टाळेबंदी ३ मे पर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. त्या वर्षी मिरवणूक निघाली नाही. लोकांनी घरातच प्रतिमेपुढे मेणबत्ती लावली, वंदना घेतली. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा, असे आवाहन झाले आणि लाखो लोकांनी ते पाळले. १ जानेवारी २०२१ ला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभालाही बहुतेकांनी घरूनच मानवंदना दिली. एका वर्षात आपले चारही मोठे दिवस रिकामे गेले, आणि त्यासाठी कुठे दगड उचलावा लागला नाही.

हे आज्ञाधारकपण होते का? आम्ही म्हणतो, नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धर्म आणि धम्म यांतला फरक स्पष्ट केला आहे. धर्म ही व्यक्तीची खासगी बाब मानली जाते, धम्म मात्र सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसे कोणत्याही नात्याने एकत्र राहू लागली की धम्म लागतोच, असा त्यांचा विचार आहे. साथीचा रोग म्हणजे तरी काय? माझा श्वास तुमच्यापर्यंत पोचतो आणि तुमचा माझ्यापर्यंत. दोन माणसांमधले नाते यापेक्षा उघड कुठे दिसणार? माझ्या वंदनेसाठी शेजारच्या म्हाताऱ्याचा जीव धोक्यात घालणे हे धम्मात बसत नाही. त्यासाठी पोलिसाच्या काठीची गरज नव्हती.

बुद्धाच्या चरित्रात विनयपिटकातला एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आपल्या परंपरेत उपासना आणि आरोग्य यांची टक्कर होते तेव्हा निकाल काय, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच ठरले आहे.

आमच्या वस्तीत हा निकाल आम्ही प्रत्यक्ष पाहिला. मराठवाड्यातल्या एका शहराच्या कडेला आमची वस्ती आहे. बांधकाम मजूर, सफाई कामगार, भाजीच्या गाड्या लावणारे, घरकाम करणाऱ्या बाया, असे लोक. जयंतीची वर्गणी टाळेबंदीच्या आधीच गोळा झाली होती. मंडळाच्या पोरांनी ठरवले की मिरवणूक नाही, शिधा. गहू, तांदूळ, तेल, डाळ, साबण विहारात आणून ठेवले आणि घरोघरच्या याद्या केल्या. चार दिवसांनी एक अधिकारी आले आणि विहाराला कुलूप लावा म्हणाले. आम्ही लेखी आदेश मागितला. आदेश वाचला तर त्यात उपासनेसाठी लोकांनी एकत्र येण्यास मनाई होती. इमारत वापरू नका असे त्यात कुठेच नव्हते. ते ओळीवर बोट ठेवून दाखवल्यावर अधिकारीही मान्य झाले. पुढे त्याच विहाराच्या दारात आरोग्य खात्याच्या ताईंनी टेबल मांडून ताप तपासला. वंदना बंद होती, विहार चालू होते.

हा अनुभव सांगण्याचे कारण असे की आदेश पाळणे आणि आदेश तपासणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. नव्हे, नागरिक म्हणून त्या दोन्ही कराव्याच लागतात. संविधानाने उपासनेच्या हक्काला आरोग्याचे कुंपण घातले, हे खरे. पण त्या कुंपणाची दोरी सरकारच्या हाती आहे म्हणून सरकारने ती हवी तशी ओढावी, असे संविधान म्हणत नाही. त्याच संविधानात कलम १४ आहे, समानतेचे. म्हणून आमच्या मते अशा प्रत्येक बंदीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. कारण काय? सगळ्यांना सारखे का नाही? आणि कधीपर्यंत?

पहिला प्रश्न, कारण काय. १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी ६ डिसेंबर आला आणि चैत्यभूमीवर येऊ नका असे आवाहन झाले. आमच्या गल्लीत सत्तरी ओलांडलेली एक आजी आहे. ती दरवर्षी भाकरी बांधून दादरला जाणारी. तिने आम्हाला विचारले, "देवळं उघडली म्हणं. मग बाबाचंच दार बंद कामून?" आम्ही तिला सांगितले, "आजी, देवळात रोज थोडी थोडी माणसं जातात. बाबासाहेबांकडे दोन-तीन दिवसांत लाखो माणसं जातात, मैदानात मुक्काम करतात, एका नळावर पाणी पितात. तिथून आजार गावोगाव जाईल." आजीने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग असं नीट सांगावं ना सरकारनं. नुसतं येऊ नका, येऊ नका काय म्हणतेत?"

आजीचे बोलणे आम्हाला कायद्याच्या पुस्तकाइतके मोलाचे वाटते. त्या दिवशीचा फरक आरोग्याच्या कसोटीवर टिकणारा होता. तो आपल्यावर अन्याय होता असे आम्ही म्हणणार नाही. पण कारण समजावून सांगणे हे सरकारचे कर्तव्य आहे, उपकार नाही. समाजशास्त्र शिकताना एमिल दुर्खीम वाचला होता. माणसे एकत्र जमतात तेव्हाच समूहाला आपल्या ताकदीचा प्रत्यय येतो आणि त्यातूनच पवित्रता जन्मते, असे त्याचे सांगणे. वर्षभर मालकाच्या, मुकादमाच्या पुढे वाकणारा माणूस ६ डिसेंबरला दादरला उतरतो आणि आपण किती आहोत हे डोळ्यांनी बघतो. टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणात ते मिळत नाही. शिवाय तिथे पुस्तके विकणारे छोटे प्रकाशक, प्रतिमा-मूर्ती विकणारे, भीमगीते गाणारे गायक आणि शाहीर, यांची वर्षाची कमाई त्या चार दिवसांवर असते. जे थांबवले ते इतके मोठे होते. म्हणून कारण तितकेच स्पष्ट सांगायला हवे.

दुसरा प्रश्न, सगळ्यांना सारखे का नाही. इथे मात्र हिशेब जुळत नाही. १४ एप्रिल २०२१ ची तारीख घ्या. महाराष्ट्रात त्या दिवशी रात्री ८ वाजल्यापासून कडक निर्बंध लागू झाले आणि आपण सलग दुसरी जयंती घरात केली. त्याच १४ एप्रिलला हरिद्वारला कुंभमेळ्याचे शाही स्नान होते आणि लाखो लोक गंगेच्या घाटावर होते. राज्ये वेगळी, सरकारे वेगळी, हे मान्य. पण विषाणू एकच होता, आपत्ती व्यवस्थापन कायदा एकच होता आणि संविधानही एकच होते. तीन दिवसांनी, १७ एप्रिलला, पंतप्रधानांनी कुंभ आता प्रतीकात्मक ठेवावा असे म्हटले. तेही आवाहन होते, आदेश नव्हता.

याच्या शेजारी मार्च २०२० ठेवा. दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये तबलिगी जमातचे लोक जमले होते. तिथल्या आयोजकांच्या निष्काळजीपणावर टीका जरूर व्हावी. पण त्यानंतर जे झाले ती टीका नव्हती. वाहिन्यांवर दिवसरात्र एका समाजाला रोग पसरवणारा ठरवले गेले आणि गल्लोगल्ली मुसलमान भाजीवाल्याला हाकलले गेले. देशोदेशीच्या पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधते, त्यासाठी या लोकांना निवडले गेले असण्याची शक्यता आहे, अशा अर्थाचे निरीक्षण नोंदवले. एकाला गुन्हा, दुसऱ्याला आवाहन. विषाणू तर दोन्हीकडे तोच होता.

सर्वोच्च न्यायालयातही २०२० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात असेच हेलकावे दिसले. पुरीची रथयात्रा १८ जूनला थांबवली आणि २२ जूनला अटी घालून परवानगी दिली. ऑगस्टमध्ये पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी मुंबईत दादर, भायखळा आणि चेंबूरची जैन मंदिरे उघडायला परवानगी मिळाली. त्याच महिन्यात मोहरमच्या मिरवणुकांना नकार मिळाला. नकाराचे कारण न्यायालयाने दिले : पुरी हे एक ठिकाण आहे, मोहरमची मागणी मात्र सगळ्या देशासाठी आहे, आणि परवानगी दिली तर एका समाजाला रोग पसरवल्याबद्दल लक्ष्य केले जाईल. यातला पहिला मुद्दा आम्हाला पटतो. दुसरा मुद्दा मात्र अस्वस्थ करतो. लक्ष्य करणाऱ्यांना रोखायचे की ज्यांना लक्ष्य केले जाते त्यांनाच घरात बसवायचे? हा प्रश्न आपल्या चांगल्याच परिचयाचा आहे. गावात तणाव होईल म्हणून जयंतीची मिरवणूक नको, नवरदेवाची वरात नको, असे आपल्याला किती वेळा सांगितले गेले आहे ते आठवा.

तिसरा प्रश्न, कधीपर्यंत. केंद्र सरकारने ८ जून २०२० पासून प्रार्थनास्थळे उघडायला मुभा दिली होती. महाराष्ट्राने ती दिली नाही. रुग्ण इथे सर्वात जास्त होते, म्हणून ते समजण्यासारखे होते. मे महिन्यात दारूची दुकाने उघडली, ऑगस्टमध्ये मॉल उघडले, ५ ऑक्टोबरपासून हॉटेल आणि बार उघडले. देवळाची तारीख मात्र कोणी सांगेना. १२ ऑक्टोबरला राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. त्यात रुग्णसंख्या, खाटा, हवेशीर जागा यांची चर्चा करता आली असती. त्याऐवजी तुम्ही अचानक सेक्युलर झालात का, असा टोमणा मारला. राज्यघटनेची शपथ घेतलेल्या माणसाने सेक्युलर हा शब्द शिवीसारखा वापरला. आरोग्याचा प्रश्न हिंदुत्वाच्या परीक्षेत बदलला गेला, आणि तारीख किंवा निकष कोणाकडेच नव्हता.

इथेच पंढरपूरच्या आंदोलनाबद्दल बोलले पाहिजे, कारण त्यावरून आपल्यातही मतभेद झाले. ३१ ऑगस्ट २०२० ला अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर वारकऱ्यांसोबत विठ्ठल मंदिर उघडण्यासाठी पंढरपुरात उतरले. आपल्यातले काही जण म्हणाले, ज्यांच्या आजोबांनी हिंदू धर्म सोडला त्यांनी देऊळ उघडायला का जावे? आम्हाला हा आक्षेप पटत नाही. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो मूर्तीच्या ओढीने नव्हे. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क मागण्यासाठी तो लढा होता. जो हक्क आपण स्वतः वापरणार नाही तो दुसऱ्यासाठी मागता येतो, आणि तसा मागणे हेच हक्काच्या समजेचे लक्षण आहे. त्याच वर्षी वारकऱ्यांनी शेकडो वर्षांची पायी वारी सोडून पालख्या एसटीने पंढरपूरला जाऊ दिल्या होत्या. ज्यांनी एवढे ऐकले त्यांनी 'आता कधी?' असे विचारले तर त्यात वावगे काय? विठ्ठलाच्या दारात बुक्का, तुळशीहार, चुरमुरे विकणाऱ्याचे पोटही त्या प्रश्नात होते. ती वेळ योग्य होती का, हा वेगळा प्रश्न. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राज्यातली पहिली लाट चढतच होती, तेव्हा त्यावर मतभेद असू शकतात. पण प्रश्न विचारण्याच्या हक्कावर मतभेद असू नये.

ही सगळी मांडणी नवी नाही. आपल्या महाराष्ट्राने ती सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवली आहे. २०२० मध्ये वापरला गेलेला साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. सरकारला काय काय करता येईल ते त्यात आहे, लोकांना काय विचारता येईल ते नाही. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत, देवघरांत शिरून झडत्या घेतल्या, माणसे ओढून नेली. त्याचा संताप होऊन २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीमाई डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सोजिरांच्या झडतीने रोग गेला नाही, कारण लोकांचा विश्वासच गेला होता. धर्म बाटला म्हणून ओरडणाऱ्यांनीही महारवाड्यातले पोर उचलले नाही. सरकारची जबरदस्ती आणि धर्माचा अहंकार या दोहोंना बाजूला ठेवून आजाऱ्याकडे जाणारी वाट आपल्या माईची आहे.

आणखी एक गोष्ट. त्या काळात 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द रोज कानावर पडायचा. काही महाभागांनी लगेच सोवळ्याओवळ्याला विज्ञान ठरवले आणि आमचे पूर्वज शहाणे होते असे संदेश फिरवले. रोगापासून अंतर ठेवणे आणि माणसापासून अंतर ठेवणे यांतला फरक आपण सांगितला नाही तर दुसरे कोणी सांगणार नाही. पहिले अंतर सगळ्यांसाठी सारखे असते आणि साथ संपली की संपते. दुसरे एकाच माणसासाठी असते आणि कधीच संपत नाही. आमच्या वस्तीतले सफाई कामगार त्या दिवसांत रोज कचऱ्याच्या गाडीवर जात होते, स्मशानात काम करत होते. त्यांना कोणी अंतर दिले नाही, धड हातमोजेही दिले नाहीत. आरोग्य हा शब्द कलम २५ मध्ये फक्त भाविकांसाठी नाही, त्यांच्यासाठीही आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, "पुढच्या वेळी ऐकायचे नाही" हे उत्तर नाही. तसे करून आपण कुंभवाल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहू आणि मरतील ती आपलीच म्हातारी माणसे. "आपल्याला काय त्याचे" हेही उत्तर नाही. आज मशिदीला लावलेला वेगळा नियम उद्या विहाराला लागतो. पुढची साथ कधी येईल हे कोणाला सांगता येत नाही, पण तयारी आजच करता येते. प्रत्येक विहारात वस्तीतल्या वृद्ध, आजारी, एकट्या माणसांची यादी असू द्या. दोन-चार मुलामुलींना शासकीय आदेश वाचायला शिकवा, कारण आदेश वाचणाऱ्याला फसवणे अवघड असते. बंदी आली की आधी पाळा आणि त्याच दिवशी लेखी विचारा : कारण काय, सगळ्यांना सारखे का नाही, कधीपर्यंत? आपल्या जयंतीसाठी विचारा, तसेच वारीसाठी, ईदसाठी आणि नाताळसाठीही विचारा. ज्या दिवशी आपण हे प्रश्न फक्त स्वतःपुरते विचारू, त्या दिवशी आपण संविधानाचे वारस राहणार नाही, आणखी एक जातपंचायत होऊ.

जय भीम!